बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास. खोल बोअर मारू की आधी शोधू?

सैफुलकर
नमस्कार मंडळी. आमची २४ फ्लॅटची सोसायटी, सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला. नेमकी जागा मुद्दाम सांगत नाही, शेजाऱ्यांशी अजून बोलणं व्हायचंय. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे बाकी सगळा संसार बोअरवर.

जूनमधला पहिला दणक्याचा पाऊस झाला आणि आठवड्याच्या आत पाण्याला वास यायला लागला. आधी वाटलं कुणीतरी टाकीजवळ रंगाचा डबा धुतला असेल. टाकी घासून घेतली, ब्लिचिंग टाकलं. दोन दिवसांनी परत तेच. गरम पाणी सोडलं की बाथरूममध्ये गाडीत पेट्रोल भरताना येतो तसा वास. जवळपास दीडशे मीटरवर एक जुना पेट्रोल पंप आहे. मधे ट्रकचं गॅरेज आणि दोन-तीन जुनी घरं.

काल मीटिंग झाली. सगळ्यांचं म्हणणं, आपली बोअर ३२० फूट आहे, शेजारीच ५०० फूट मारू म्हणजे स्वच्छ पाणी लागेल. गाडीवाला उद्याच यायला तयार आहे, ॲडव्हान्स मागतोय. मी एकटाच 'थांबा' म्हणालो, पण का थांबायचं ते मला सांगता आलं नाही. तर दोन प्रश्न: खोल गेल्यावर वास जाईल का? आणि हे पंपातूनच येतंय हे कळणार कसं?

शेंगाचटणी
पाण्यात पेट्रोल येतंय आणि तुम्ही तक्रार करताय? आजच्या भावात नळी थेट गाडीला लावा की ओ.

चारदिवसांआड
आमच्याकडे जुळे सोलापुरात असंच झालं होतं. अख्ख्या गल्लीने पंपवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी मोटर वर काढली तर तिचं सील गेलेलं, आतलं तेल पाण्यात उतरत होतं. तुमची मोटर तेलाची की पाण्याने भरायची? पहिलं ते बघा. फुकटात सुटलात तर मला एक कडक भाकरी आणि दही.

कुंभारीकर
पाण्यावर तवंग आहे का? असला तर काडी घालून बघा. आमच्या विहिरीवर रंगीत तवंग यायचा, मी घाबरून सगळ्यांना सांगत सुटलो. एका म्हाताऱ्याने काडीने ढोसलं तर तवंग काचेसारखा तुटला, तुकडे तुकडे झाले. ते लोखंड खाणाऱ्या जिवाणूंचं काम असतं. तेल असलं तर काडी फिरवल्यावर परत एक होतं. सोपी परीक्षा आहे.

सैफुलकर
@चारदिवसांआड, मोटर पाण्याची आहे, मेकॅनिकने कालच सांगितलं. @कुंभारीकर, टाकीत तवंग दिसत नाही, फक्त वास.

खडकशोध्या
मी भूजलाचंच काम करतो, अशा जागांची तपासणी केलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: नवीन बोअर मारू नका. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग फुटका खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाणी खडकाच्या अंगात नसतं, ते भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यांत असतं. मुरूम संपून घट्ट खडक लागला की गाडीवाला केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला आडोशाचा पाइप, थांबवतो, खाली सगळं उघडं. म्हणजे वरच्या भेगेतलं घाण पाणी थेट ५०० फुटांपर्यंत उतरायला तुम्ही स्वतःच्या पैशाने जिना बांधून देणार. आज एक थर बिघडलाय, उद्या दोन बिघडतील.

दुसरं, तवंग दिसत नाही याचा अर्थ तेल नाही असा नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरचं वजन पाऊण किलोच्या आसपास. ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं. तुमची मोटर कितीतरी खाली लोंबतेय, ती वरची साय उचलतच नाही. तिच्याकडून येतं ते पाण्यात विरघळलेलं: बेन्झीन, टोल्युइन, इथाइल बेन्झीन, झायलीन. या चौकडीला आमच्या धंद्यात बीटेक्स म्हणतात. त्यातलं बेन्झीन सगळ्यात वाईट, माणसाला कॅन्सर करणारं म्हणून सिद्ध झालेलं.

पावसानंतरच वास का आला? उन्हाळ्यात पातळी खाली जाते तेव्हा तरंगणारं पेट्रोलही तिच्याबरोबर खाली उतरतं आणि जाताना मुरमाला, भेगांना माखत जातं. पावसाने पातळी वर आली की ते माखलेलं सगळं पाण्यात बुडतं आणि विरघळायला लागतं. गळती कदाचित वर्षभरापूर्वीची असेल, बातमी तुम्हाला जूनमध्ये पोचली.

मोरपंखी
वाचून पोटात गोळा आला. उकळून प्यायलं तर? आमच्याकडे आरओ आहे, त्याने जातं का?

खडकशोध्या
@मोरपंखी, उकळू नका. उकळल्यावर बेन्झीन पाण्यातून निघून तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत येतं. गरम पाण्याच्या आंघोळीलाही तेच. घरगुती आरओवर विसंबू नका. कोळशाचा फिल्टर काही काळ धरून ठेवतो, मग भरतो आणि सोडून देतो, आणि तो कधी भरला ते दिसत नाही. वास असेपर्यंत ते पाणी पिणं, स्वयंपाक, आंघोळ सगळ्याला बंद.

वास गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेन्झीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नाकाला कळतं ते त्याच्या कितीतरी वर. एक हिशेब करून बघा: आजच्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. एक लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन मर्यादेखाली आणायला साधारण ९ लाख लिटर पाणी लागेल.

शेंगाचटणी
९ लाख लिटर?? मी माझी नळीची सूचना मागे घेतो.

डिपरॉड
मी २२ वर्षं पंपावर मॅनेजर होतो, आता निवृत्त. इथे प्रत्येकाच्या डोक्यात 'पंप म्हणजे चोर' पक्कं बसलंय म्हणून लिहावं लागतं.

रोज सकाळी टाकीत डिप रॉड घालून पातळी घेतात. रॉडच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावतात, तळाला पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. कालचा साठा, आलेला टँकर, मशीनवरची विक्री आणि आजचा साठा, हे रजिस्टरला जुळायला लागतं. गळती असली तर तफावत एकाच बाजूला, रोज, वाढत जाते. पण एका दिवसाच्या तफावतीवरून कुणी गळती म्हणत असेल तर त्याने आपल्याकडचा मे महिना बघितलेला नाही. २० हजार लिटर पेट्रोल १० अंशांनी तापलं-निवलं की साधारण २०० लिटरचा फरक नुसता फुगण्या-आकसण्याचा पडतो. आता बऱ्याच ठिकाणी टाकीत सेन्सर आहेत, तापमानासकट नोंद होते.

आणि टाकीपेक्षा पाइप जास्त गळतात. टाकीपासून मशीनपर्यंतच्या लाइनचे सांधे, मशीनखालचा खड्डा, टँकर खाली करायची जागा. मी स्वतः मशीनखालचं झाकण उघडून माती हातात घेतलीय. काळी माती ओली झाली की घट्ट गोळा होतो. ही मुठीत भुसभुशीत, वरून कोरडी दिसत होती आणि तळहाताला डिझेलचा बुळबुळीतपणा चार दिवस गेला नाही. सांध्याचा वायसर गेला होता. टाकी नव्यासारखी होती.

अण्णाकॉर्नर
रजिस्टर जुळायला लागतं म्हणजे जुळवायला लागतं ना काका? 😀

डिपरॉड
पाच लिटरचं माप प्रत्येक पंपावर असतं, मागा आणि मोजून घ्या. माझ्या पंपावर कधी कमी भरलं नाही. तुमच्या गाडीची टाकी मात्र कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त घेते, ते कंपनीला विचारा.

साखरपट्टा
एक शंका. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाही हात आहे. इथेनॉल तर पाण्यात विरघळतं. मग त्याने जमिनीत काही फरक पडतो का, की ऊसवाल्यांवर आणखी एक खापर?

खडकशोध्या
@साखरपट्टा, चांगला प्रश्न. इथेनॉल स्वतः लवकर संपतं, जिवाणूंना ते गोड लागतं. गोम तिथेच आहे. जमिनीतले जे जिवाणू प्राणवायू वापरून बेन्झीन खातात, ते आधी इथेनॉलवर तुटून पडतात आणि प्राणवायू संपवतात. मग बेन्झीन न खाल्लेलं पुढे सरकतं, लांबपर्यंत जातं. टाकीतही, पाणी शिरलं तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. उसाचा दोष नाही, टाकी कोरडी ठेवायची जबाबदारी वाढली एवढंच.

डॅलसचा_बाळीवेशीवाला
इथे अमेरिकेत हाच गोंधळ आधी होऊन गेलाय. १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा झाला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला २२ डिसेंबर १९९८ ही शेवटची तारीख दिली. आतापर्यंत पाच लाखांवर गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. मी राहतो तिथला कोपऱ्यावरचा पंप बंद होऊन वर्षं झाली, जागेवर अजून छोट्या गोल झाकणांच्या विहिरी आहेत आणि दर काही महिन्यांनी एक मुलगी येऊन पाणी काढून नेते. भारतात असं काही होतच नाही.

वकिलीण_पार्कचौक
'होतच नाही' असं नाही. नवीन पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. शाळा, दवाखाना, वस्तीपासून ५० मीटर अंतर वगैरे त्यातच आहे. जुन्या पंपांना आणि गॅरेजवाल्यांच्या पुरलेल्या टाक्यांना हात लावणं अवघड, हे खरं.

सैफुलकर, तुमच्यासाठी तीन गोष्टी. टाकीचा परवाना पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना देते, मुख्यालय नागपूरला. पाणी-जमीन बिघडली ही तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. दोन्हीकडे लेखी द्या, पोच घ्या. पुढे हरित लवादात जायची वेळ आली तर पुण्यात खंडपीठ आहे, आणि मुदतीकडे लक्ष ठेवा. वाद प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने, भरपाईच्या अर्जाला पाच वर्षं. म्हणून वास पहिल्यांदा कधी आला ती तारीख आजच वहीत लिहा. 'ज्याने घाण केली त्याने निस्तरावी' हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरींच्या खटल्यात ठणकावून सांगितलं आहे. पण ज्याने म्हणजे कुणी, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. आज तक्रारीत पंपाचं नाव घालू नका. 'परिसरातील स्रोताचा शोध घ्यावा' असं लिहा.

चारदिवसांआड
नाव नाही घातलं तर कोण हलणार? मी तर म्हणतो पंपावर सगळ्यांनी जाऊन बसावं.

वकिलीण_पार्कचौक
बसा. आणि गॅरेजची टाकी निघाली की उठून माफी मागा.

सैफुलकर
सगळ्यांचे आभार. गाडीवाल्याला नाही सांगितलं, दोन जण माझ्याशी बोलत नाहीयेत. रविवारी मी आणि वरच्या मजल्यावरचे कॉन्ट्रॅक्टर काका कामाला लागलो. त्यांच्याकडे ऑटो लेव्हल आहे, उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण. आमची बोअर, पलीकडच्या बंगल्याची बोअर आणि मधल्या जुन्या घराच्या परसातला एक आड, तिघांची पाण्याची पातळी मोजली. तीन जागा असल्या की पाण्याचा उतार कुठे ते निघतं असं मी वाचलं होतं. उतार आडाकडून आमच्याकडे निघतोय. म्हणजे पंपाच्या दिशेकडून! सापडलं का?

खडकशोध्या
मेहनत छान, निष्कर्ष नाही. आड किती खोल?

सैफुलकर
४० फूट असेल.

खडकशोध्या
मग ४० फुटी आड आणि ३२० फुटी बोअर एका दोरीत मोजू नका. आडात मुरमातलं पाणी आहे, तुमच्या बोअरमध्ये पाच-सहा भेगांचं मिसळलेलं. दोन वेगळ्या मजल्यांवरच्या खिडक्यांची उंची मोजून तुम्ही रस्त्याचा उतार काढताय. शिवाय बाकीच्यांच्या मोटरी चालू होत्या ना? मग पातळी खरी नाहीच.

नीट करायचं तर असं होतं. आधी चौकशी: वीस-तीस वर्षांत त्या जागांवर काय काय होतं, कुणी टाकी पुरली, कुणाचा जनरेटर होता. मग संशयाच्या जागी जमिनीत सळई ठोकून छोटी भोकं पाडायची आणि मातीतली हवा हातातल्या यंत्राने हुंगायची, त्याला आम्ही पीआयडी म्हणतो. आकडा जिथे चढतो तिकडे जायचं. त्यानंतर निरीक्षण विहिरी, किमान तीन, उथळ, पाण्याच्या पातळीच्या थोडं खालीपर्यंतच. त्यातल्या पीव्हीसी पाइपच्या फटी पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असल्या पाहिजेत. फटी पातळीखाली गेल्या की तरंगणारं पेट्रोल आत येतच नाही आणि अहवालात 'तेल नाही' लिहिलं जातं. हा घोळ मी कागदावर बघितलाय. फटींभोवती खडी, त्यावर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीचं बूच, म्हणजे वरचं पाणी बाजूने उतरत नाही.

आणि तो आड. त्यात डोकावला का कुणी?

सैफुलकर
काकांनी टेप सोडली तेव्हा ती वासानेच वर आली. आत अंधार होता. उद्या टॉर्च घेऊन उतरायचा विचार आहे, कडेला पायऱ्या आहेत.

डिपरॉड
उतरू नका!! कुणीही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाला साचून राहते. दोन श्वासांत माणूस आडवा होतो, त्याला काढायला गेलेला दुसराही. बिडी नाही, साधा टॉर्च नाही, त्या आडावर मोटर असेल तर तिचं बटणसुद्धा नाही. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ठिणगीला पुरते. तोंडावर झाकण ठेवा, पोरांना लांब ठेवा आणि अग्निशमनला कळवा. हे आजच.

मोरपंखी
सैफुलकर, वाचलं ना? प्लीज उत्तर द्या.

सैफुलकर
वाचलं. कुणी उतरलं नाही. अग्निशमनचे लोक येऊन गेले, आडाभोवती दोरी बांधली. आता सगळी गल्ली जागी झालीय.

सैफुलकर
बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

प्रदूषण मंडळाचे अधिकारी आले. त्यांच्याबरोबरच्या तंत्रज्ञाने दोरीला बांधलेली पारदर्शक नळी आडात सोडली, खाली झडप असलेली. वर काढून उजेडात धरली. खाली पाणी, वर फिकट पिवळसर थर, मधली रेघ इतकी स्पष्ट की शाळेत रॉकेल-पाण्याचा प्रयोग दाखवायचे तशी. थर चार बोटं. आमच्या अध्यक्षांनी ते बघितलं आणि ५०० फुटांचा विषय त्यांनी स्वतःच बंद केला.

ज्या आजींचं घर आहे त्या म्हणाल्या, "वास तर गेल्या दिवाळीपासनं हाय. मला वाटलं रिक्षावाले पेट्रोल सांडतेत." त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी पण नाही, मी त्यांच्या परसात जाऊन टेप सोडून आलो होतो.

खडकशोध्या
मी सांगितलेली पहिली पायरी चौकशी होती, आठवतंय ना. 🙂 आडात चार बोटं म्हणजे जमिनीत सगळीकडे चार बोटं असं धरू नका. आडात थर बहुतेकदा फुगून दिसतो. पण मोकळं पेट्रोल अजून तिथे आहे आणि गळती चालू असू शकते, एवढं नक्की. आधी गळती बंद, मग तरंगणारं काढणं, मग मातीतली वाफ ओढून घेणं. पाणी आपोआप सुधारायची वेळ शेवटी येते. तुमची मोटर बंद ठेवा, ती चालली की ते सगळं तुमच्याकडे ओढलं जातं.

डिपरॉड
नुसत्या रंगावरून सांगता येत नाही, डिझेलही फिकट पिवळं असतं, पण वास पेट्रोलचा आहे तर ते बहुतेक पेट्रोल. गॅरेजमध्ये असतं ते डिझेल आणि काळं जळकं ऑइल. मला आवडत नाहीये हे लिहायला, पण पंपाच्या टाक्यांची आणि लाइनची दाबाची चाचणी मागा. लाइन वेगळी, टाकी वेगळी, असं लेखी मागा.

वकिलीण_पार्कचौक
काका, सलाम.

अण्णाकॉर्नर
काका, मी माझा रजिस्टरवाला विनोद मागे घेतो. अर्धा.

सैफुलकर
पंपमालक भेटले. 'आमचं रजिस्टर बरोबर आहे' म्हणाले, पण चाचणीला नाही म्हणाले नाहीत. तारीख पडलीय. गॅरेजवाल्यानेही मागच्या मालकाने पुरलेली एक टाकी दाखवली, ती रिकामी आहे म्हणतो. दोन्ही तपासणार आहेत. सध्या टँकर. आता एक मदत हवीय. उद्या आमच्या आणि बंगल्याच्या बोअरचे नमुने आम्ही स्वतःही खासगी लॅबला देतोय. बिसलेरीच्या बाटलीत चालेल का?

खडकशोध्या
अजिबात नाही, प्लॅस्टिकमधून उडून जाईल. लॅबकडून ४० मिलीच्या काचेच्या कुप्या आणा, त्यात आम्ल आधीच घातलेलं असतं, ते सांडू नका. वरच्या टाकीतून नाही, बोअरच्या तोंडापाशी नळ लावून घ्या. मोटर तेवढ्यापुरती चालवा, जुनं पाणी जाऊ द्या, मग नळ बारीक करा, धार कुपीच्या कडेने सोडा. काठोकाठ भरा, वर फुगवटा आला की झाकण लावा. उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती टाकून दुसरी भरा. लगेच बर्फात. प्रत्येक कुपीवर वेळ आणि जागा, आणि कुणी कुणाच्या हाती दिली त्याचा कागद.

सैफुलकर
सकाळी सहाला बर्फ कुठे मिळणार?

शेंगाचटणी
आमच्या गल्लीतल्या गोळेवाल्याचं दार वाजवतो. कुठे आणू सांगा, मी पावणेसहाला निघतो.